घिरट्या

हसू नका बरं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्या दुष्काळातली गोष्ट. मी नांदेडच्या विमानतळावर आगीच्या बंबावर होतो. एका विमानाची चाकं बाहेर येईनात, म्हणून ते इंधन जाळत डोक्यावर घिरट्या घालून राहिलं होतं.

कुंपणापलीकडं ढोरं राखणारी म्हातारी ओरडली, "उभे ऱ्हा रे समदे! गिधाडं अशी फिरायली की आमी बसलेलं ढोर उठवतो. बसलेल्यालाच नेतात ती."

आम्ही हसत उठलो. ड्रायव्हर रशीदचाचा तेवढे म्हणाले, "मी उठलो तर बंब कोण चालवील?"

शेवटी चाकं उघडली. विमान अलगद टेकलं. आम्ही टाळ्या पिटल्या.

"चाचा, सुटलो!"

चाचा स्टिअरिंग धरून बसलेलेच होते. मी हात लावला, तर गार.