हात लावायचा नाही

...आता हात लावायचा नाही म्हणजे काय? हात न लावता आमच्या घरात आजवर काही वाढलंय का? तुम्हाला सांगते, रोप माझं, कुंडी माझी, आणि तो रोपवाला मलाच दटावतो! जाड जाड पानांचं, गुटगुटीत रोप होतं हो, ठमी पोटात असताना आणलेलं. ऊन लागेल, वारं लागेल म्हणून मी ते आतल्या फळीवर ठेवलं आणि तीन वर्षांत त्याचा झाला बगळा! हातभर मान, वर इवलंसं डोकं, तेही खिडकीकडे वळलेलं! रोपवाला म्हणाला, "उजेडासाठी लांबलंय ते, ताई. शेंडा कापा, चार दिवस कोरडा ठेवा. कापलेली जागा सुकली की मातीत टेकवा. पाणी नाही, उपटून बघणं नाही. हात लावायचा नाही!"

कापला बाई. डोळे मिटून कापला, म्हणून वाकडा! चार दिवस बशीत सुकवला, सोमवारी मातीत लावला, आणि नेमकी त्याच सोमवारी ठमीची बालवाडी सुरू. पोर कडेवरून उतरेना... खरं सांगू? मीच उतरवेना. बाई म्हणाल्या, "द्या इकडे. आणि खिडकीशी थांबू नका हं, तुम्ही दिसलात की रडते ती." म्हणजे इथेही तेच. हात लावायचा नाही!

मग काय, रोज खिडकीखाली वाकून उभी राहायची, आणि घरी आले की शेंडा उपटून बघायची, मूळ आलं का? नाही! पुन्हा खोचायची, वर घोटभर पाणी... तहान लागली असेल बिचाऱ्याला! सासूबाई म्हणायच्या, "अगं, जरा दम खाऊ दे की त्याला!" पंधराव्या दिवशी शेंडा काळा पडला, बोट लावलं तर लिबलिबीत. आणि त्याच दुपारी बाई म्हणतात, "ठमी डब्याला शिवत नाही हो, खिडकीकडेच बघत बसते." दोन्हीकडे माझेच हात...

दुसऱ्या दिवशी खिडकीशी गेलेच नाही. घरी जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून गॅलरी झाडायला घेतली. बादलीमागे जुनी कुंडी, शेंडा कापून उरलेलं ते खोड, फेकायचं राहून गेलेलं. बघते तर काय, त्याच्या अंगाला तीन पिल्लं! मुगाएवढी, हिरवीगार! ना पाणी, ना विचारपूस!

दुपारी आणायला गेले, तर ठमी आली ती रिकामा डबा वाजवत. म्हटलं, "बाईंनी भरवलं?" तर म्हणे, "माझी मी!" आणि माझं बोट सोडून पुढे पळाली की हो...

तशीच गेले रोपवाल्याकडे. म्हटलं, "भाऊ, पिल्लं फुटली, लेक रमली, सगळं छान झालं. पण कापलेली जागा चार दिवसांत सुकते म्हणालात ना? माझा पंधरवडा उलटला, माझ्या कडेवरची अजून ओलीच आहे!"

त्याने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, "रोज उघडून बघत असाल, ताई. हात लावायचा नाही!"