दोन अंगठे

सीमानाक्याच्या खिडकीशी कोंबडीच्या पिल्लांच्या टेम्पोचा ड्रायव्हर पिल्लांचा एक खोका बगलेत धरून कारकुनाशी भांडत होता. मागे रांगेतल्या नर्सबाईंनी कान टवकारले.

"कागद चोख आहेत ना? मग सोडा की गाडी!"

"नवा करार झालाय, काका. दोन्ही देशांच्या साहेबांनी मशीनवर एकदमच अंगठा द्यायचा. सहकार्य म्हणतात त्याला."

"मग बोलवा दोघांना."

"आमचे साहेब सकाळपाळीचे, त्यांचे दुपारपाळीचे."

"म्हणजे दोघं कधी भेटतच नाहीत?"

"भेटतात की! आत्ता, जेवणाच्या सुट्टीत. पण सुट्टीत मशीन बंद असतं."

"अहो, पूर्वी हे दोन देश एकमेकांचं तोंड बघत नव्हते, तरी दोन शिक्क्यांवर गाडी पार व्हायची! इथे उन्हानं पिल्लं माना टाकताहेत!"

"माझ्यावर कशाला डाफरता? मी हुकमाचा ताबेदार."

आतून दोघा साहेबांचं खदखदून हसणं ऐकू आलं. कारकुनानं खिडकी ओढायला हात घातला. ड्रायव्हरनं मधेच खोका ठेवला.

"हा आत न्या. जेवताना त्यांच्या समोर ठेवा."

"काका, खोका काढा. खिडकी लावायचीय."

खोका जड नव्हता, तरी नर्सबाईंनी पुढे होऊन दुसऱ्या बाजूनं तो घट्ट धरून ठेवला.