बॉडी आहे, खाली या

आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमधली गोष्ट. सेक्रेटरींनी जिन्यातूनच शकूकाकूंना सांगितलं, "संध्याकाळी बॉडी आहे, खाली या." म्हणजे जनरल बॉडी मीटिंग. पण वरच्या मजल्यावर एकटे राहणारे भोईरकाका तेव्हा हॉस्पिटलात होते. काकू हार घेऊन, डोळे पुसतच खाली आल्या.

"कधी आणतायत त्यांना?"

सेक्रेटरी म्हणाले, "अहो काकू, मीटिंग आहे. भोईरकाका बरे आहेत."

"कोण बघून आलं?"

कोणीच गेलेलं नव्हतं. चेअरमननी मीटिंग तिथेच थांबवली आणि आम्ही सगळे हॉस्पिटलात गेलो.

एवढी माणसं एकदम दारात बघून काका उठून बसले.

"खरं सांगा रे, डॉक्टर काय बोलले?"