ड्वाइटचा साप कितीदा जेवतो

...आणि वर मलाच कंजूष म्हणतात! मला! अहो, गोठवलेले उंदीर विकून माझं घर चालतं, चार जास्त खपले तर माझं काय जातंय? पण तुम्हाला सांगतो, साऊथ कॅरोलायनातल्या या गावात मी इतकी वर्षं दुकान चालवतोय, साप पाळणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "याला कितीदा खायला घालायचं?" आणि उत्तर ऐकलं की एकच बोलतो, "एवढंच? अहो, वाढतं वय आहे त्याचं!"

वाढतं वय आहे म्हणूनच सांगतोय ना बाबांनो! मी काही हे कॉलेजात शिकलो नाही, साप सांभाळून शिकलो. कॉर्न स्नेक हा गरीब, बिनविषारी प्राणी. पेन्सिलीएवढा जाड आहे तोवर आठवड्याला उंदराचं एक गुलाबी पिल्लू, अंगठ्याएवढा जाड झाला की आठ-दहा दिवसांनी जरा थोराड उंदीर, पुरता वाढला की पंधरवड्याला एक. मोठा होत जातो तसं त्याचं जेवण लांबत जातं. कळायला काय कठीण आहे? पण नाही!

तर ड्वाइट प्रुइट वारला. शाळेची बस चालवायचा, भला माणूस. त्याचा साप बिस्किट, माझ्याच दुकानातून नेलेला. ड्वाइटची बायको मिस ऑर्लीन (आमच्याकडे मान द्यायचा तर लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात) त्या सापाला इतकी घाबरायची की त्या खोलीत झाडूसुद्धा दारातूनच फिरवायची... आणि दफनाच्या दुसऱ्या दिवशी तीच दुकानात आली, काळी टोपी तशीच डोक्यावर. म्हणाली, "मिस्टर वेंडल, जाताना ड्वाइट एवढंच म्हणाला, याला जगव. दुसरं काही मागितलं नाही हो त्यानं. कितीदा घालायचं?" म्हटलं, आठवड्याला एक. तिनं पुटपुटत पाठ केलं.

पण आमचं गाव! कुणाकडे माणूस गेलं की अख्खं गाव डबे घेऊन दारात उभं... भाजलेलं हॅम, चिकन-भात, मसाला भरलेली अंडी, लोण्याचा केक. आणि आणलेलं आणणाऱ्यासमोर चाखलं गेलं पाहिजे, नाहीतर तो अपमान! तिसऱ्या दिवशी ऑर्लीनच्या शेजारची वर्ना माझ्या दुकानात. "सगळे ऑर्लीनला आणतायत, त्या मुक्या जिवाला कुणी विचारलं का? तोही पोरकाच झाला ना?" म्हटलं, वर्नाबाई, त्याचं कालच जेवण झालंय. "काल? अहो, वाढतं वय आहे त्याचं!" बरं, न्या, पण तिच्या फ्रीजरात ठेवायला सांगा, पुढं उपयोगी पडेल. ठेवतात कशाला! हॅम आणलं की चाखतात, मग उंदीर आणला तर तो चाखायला नको? वर्नाचं बघून तो ऑर्लीनच्या घरी, हा ऑर्लीनच्या घरी... सगळं चर्च उंदीर घेऊन! आणि आयुष्यात कुणाचा डबा नाकारला नाही अशी ती बाई, चिमट्यात उंदीर धरून, डोळे मिटून, पाहुण्यासमोर सापाला भरवतेय. सापाला काय अक्कल? समोर आलं की गिळलं!

आणि मग फोन. "मिस्टर वेंडल, त्यानं सगळं बाहेर टाकलं. हलत नाहीये. मी ड्वाइटला काय सांगू?"

दुकान उघडं टाकून धावलो. काचेच्या पेटीत चिंधीसारखा पडला होता. एकदा ओकलेला साप लगेच पुन्हा ओकला की बहुतेक हातचा जातो. म्हटलं, आता दोन आठवडे काहीही नाही. पाणी, ऊब आणि शांतता... तेवढ्यात बेल! दारात खुद्द रेव्हरंड टॉलिव्हर, हातात कागदात गुंडाळलेला उंदीर, माझ्याकडचे संपले म्हणून शेजारच्या गावातून आणलेला! "उपाशी ठेवताय, वेंडल? वाढतं वय आहे..."

ओरडलो हो मी! धर्मगुरूवर! "रेव्हरंड, आणखी एक उंदीर आत आला तर दुसरं दफनही तुम्हालाच करावं लागेल!"

ते गेले बिचारे, उंदीर माझ्या हातात देऊन. तो उंदीर ठेवायला मी फ्रिज उघडला तर काय... सगळे डबे तसेच. हॅम तसंच, केक तसाच, झाकणं जशीच्या तशी. म्हटलं, मिस ऑर्लीन, तुम्ही काय जेवलात? ती ओट्याकडे बघत म्हणाली, "बिस्किटनं खाल्लं की लोकांना बरं वाटतं. मग माझ्याकडे कुणी बघत नाही."

मी उंदीर आत ठेवला आणि फ्रिजचं दार लावलं.

त्या रविवारी प्रार्थना झाल्यावर रेव्हरंडनी गंभीरपणे जाहीर केलं, "प्रुइटांच्या घरी कृपया कुणी उंदीर नेऊ नयेत." कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एकानं 'आमेन' म्हटलं.

दोन आठवड्यांनी सगळ्यात बारीक पिल्लू घेऊन मी गेलो. चिमटा तिनंच धरला. बिस्किटनं जीभ काढली, वास घेतला... आणि घेतलं! घेतलं आणि ठेवलं पोटात! मग तिनं ताटलीत चमचाभर भात वाढून घेतला. पडला पायंडा! रविवारी मी जायचं, साप जेवायचा, मग ती जेवायची.

पण साप वाढतो हो! पोसलेला जीव, वाढणारच! दोनेक वर्षांनी एका रविवारी तिनं विचारलं, "आता कितीदा?" खोटं कसं सांगू? खोटं सांगून पुन्हा त्याचं पोट बिघडवू? म्हटलं, पुरता वाढला तो आता. पंधरवड्याला एकदा. तिनं टेबलाचा कपडा सरळ केला. मग म्हणाली, "म्हणजे मधल्या रविवारी तुम्हाला यायचं कारण नाही."

आणि मी शहाणा, व्यापारी माणूस, पटकन बोलून गेलो, "मधल्या रविवारी मला जेवायला घाला की!"

तेव्हापासून एका रविवारी साप आणि एका रविवारी मी. त्याला उंदीर मिळतो, मला मिळते शिजवलेली भेंडी. बुळबुळीत, तारा सुटलेली. ती समोर बसून स्वतःची ताटली संपवते आणि माझ्याकडे बघत राहते... खातो. काय करता!