दोन साउंड सर्व्हर आणि एकच कार्ड

नको ना काका, स्पीकर नका उघडू, स्पीकर चांगलाय – खरं तर हे मी सांगायचं नाहीये, आईने बजावलंय, दुरुस्तीवाले काका आले की दार उघड, पाणी दे आणि गप्प बस, घरातलं बाहेर बोलायचं नाही – पण तुम्ही स्क्रूच काढायला लागलात. वायर ठीक आहे. व्हायरस तर नाहीच. कॉम्प्युटरच्या आत दोन साउंड सर्व्हर आहेत, म्हणजे तुम्हाला माहीतच असणार, प्रोग्रामचा आवाज गोळा करून साउंड कार्डापर्यंत पोचवणारे – एक बाबांचा, एक दादाचा. बाबा मीटिंगांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देतात. दादा गिटार रेकॉर्ड करतो. आणि कार्ड एकच. एका म्यानात दोन तलवारी.

तरी चाललं असतं हो. आपलं काम झालं की आपला बंद करायचा, मग दुसऱ्याने त्याचा सुरू करायचा. पण त्यासाठी बोलावं लागतं ना? दादाने कॉलेज सोडल्यापासून ते बोलत नाहीत. जेवताना बाबा मला म्हणतात, 'तुझ्या दादाला म्हणावं, पंखा कमी कर' – दादा हाताच्या अंतरावर. मी सांगते. दादा म्हणतो, 'बाबांना सांग, केला.' तेही सांगते. मग बाबांनी काय केलं? मशीन सुरू होतानाच आपोआप चालेल अशी एक ओळ लिहून ठेवली – दादाचा सर्व्हर बंद. दादानेही गुपचूप तश्शीच लिहिली – बाबांचा बंद. दोघं हुशार आहेत. आता मशीन सुरू झालं की दोन्ही सर्व्हर एकमेकांचा गळा धरतात, आणि सगळं चिडीचूप.

हसू नका ना. दादाचं रेकॉर्डिंग आज संध्याकाळपर्यंत संगीत शाळेत पोचलं नाही, तर प्रवेश गेला. पण सकाळी काय झालं – बाबा म्हणाले, 'आवाज का येत नाहीये?' मला नाही. दादाला. मी सवयीने निरोप द्यायला वळले, तर दादा थेट म्हणाला, 'तुम्ही काय केलंत?' तेव्हापासून स्वयंपाकघरात चाललंय, येतंय ना ऐकू? भांडणच आहे. पण एकमेकांशी आहे.

हो, तिसरा एक सर्व्हर असतो, वाचलंय मी, दोघांचंही ऐकून घेतो आणि पुढे पोचवतो. तो बसवला की झालं. कुणाला कुणाशी बोलायची गरजच नाही. म्हणून म्हणणार होते, आईला सांगा, उद्या येतो – नाही, उद्या नको. रेकॉर्डिंग आजच जायला हवं. आजच करा. फक्त जरा सावकाश – कारण दादाने आत्ताच विचारलं, 'मी काय वाजवतो ते कधी ऐकलंय का तुम्ही?' आणि बाबांनी अजून – आले गं आई! नाही, काही सांगत नाहीये, नुसतं पाणी देतेय काकांना!