कोऱ्या निघालेल्या बेचाळीस कॅसेटी

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, व्यासपीठावर बसलेले पंच कमिटीचे चिटणीस, शेजारच्या ख्रिस्ती मंडळीतून सवड काढून आलेल्या पाळकीणबाई, गायनमंडळातल्या माझ्या मैत्रिणी आणि प्रभूमध्ये प्रिय असलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा सलाम.

चिटणीससाहेबांनी आत्ता माझ्याविषयी जे सांगितलं, ते मी कान देऊन ऐकलं. ती बाई नक्की कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. 'अथक सेवा' हे शब्द त्यांनी चार वेळा वापरले. साहेब, आपला मान राखून सांगते, मी थकलेली आहे. आजची नाही, बऱ्याच वर्षांची. गुडघे तर थकलेच आहेत, पण आत कुठंतरी एक थकवा आहे, तो औषधानं जाणारा नाही. निरोपाच्या दिवशी तरी खोटं बोलू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

नव्यानं मंडळीत आलेल्यांना कदाचित माहीत नसेल, मला इथं 'कॅसेटवाली' म्हणतात. आता कॅसेट राहिल्या नाहीत, नाव राहिलं. वेदीच्या मागं एक खोली आहे. आज तिथं जादाच्या खुर्च्या ठेवतात. सत्तावीस वर्षं दर रविवारी मी त्या खोलीत बसून उपासना टेप केली. सोमवारी शाळेच्या ऑफिसातून सुटले की पुन्हा यायचं आणि त्या मूळ कॅसेटच्या कॉप्या काढायच्या. मग डब्यांवर नावं लिहायची. पेपरवाले काका मंगळवारी पेपरांबरोबर त्या घरोघर टाकायचे आणि शनिवारी ऐकून झालेल्या कॅसेट पिशवीत भरून परत आणायचे. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही, ज्यांना देवळापर्यंत चालवत नाही, त्यांच्यासाठी ही सोय. पहिली आठ वर्षं मी एकाही घरी गेले नव्हते. मला फक्त नावं माहीत होती आणि त्यांना फक्त माझं अक्षर.

लोक मला विचारतात, अशा कामात आत्मिक वाढ कशी होते? ना कोणी पाहतं, ना कोणी बोलतं. मी काय सांगणार? पाळकसाहेब, वाढ झाली की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या बाबतीत काय झालं, तेवढं मी सांगते. हे मी आजवर चारच माणसांना सांगितलंय, आणि त्यातलं एक आमचे हे.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळून आठ महिने झाले होते. मी सकाळी त्यांचं सगळं उरकून शाळेत जायची, दुपारी हे वर्कशॉपमधून येऊन बघायचे, संध्याकाळी पुन्हा मी. पाठीला जखमा झाल्या होत्या. हात लावला की सासूबाई ओरडायच्या आणि मग मी ओरडायची. सुनेनं सासूवर ओरडावं, तेही त्या हलू शकत नसताना. आणि रविवारी त्याच तोंडानं मी देवळात यायची. प्रार्थना करायला बसले की शब्दच यायचे नाहीत. चादरी भिजत घातल्यात का, एवढंच डोक्यात यायचं.

अशाच एका रविवारी मी यंत्र सुरू केलं आणि समोर बसले. आवाज आत येतोय का, ते दाखवणारी एक सुई असते. ती सुई तासभर जागची हलली नाही. माईकची पिन सैल झाली होती. मी त्या सुईकडेच बघत होते, बरं का. डोळे उघडे होते, पण दिसत काही नव्हतं. कॉप्या काढताना कॅसेट वेगानं फिरते, म्हणून यंत्र एरवी चिमण्यांसारखं चिवचिवतं, त्या सोमवारी गप्प होतं. मला वाटलं, चला, जरा शांतता. बेचाळीस कॅसेट भरल्या, बेचाळीस नावं लिहिली, पेपरवाल्या काकांच्या हवाली केल्या.

पुढच्या रविवारी मूळ कॅसेट पुसायला घेतली तेव्हा कळलं, तिच्यात पुसायला काही नव्हतंच.

आदल्या दिवशीच बेचाळीसच्या बेचाळीस परत आल्या होत्या. मी एकेक डबा उघडून पाहिला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. काकांना आडून विचारलं, कोणी काही बोललं का? ते म्हणाले, नाही. आणखी एक आठवडा वाट पाहिली. तुम्हीच सांगा, बेचाळीस घरांत कोरी कॅसेट जाते आणि एकही माणूस हूं की चूं करत नाही, तर बाईनं काय समजायचं? मी समजले की कोणी ऐकतच नाही. आठ वर्षं मी डबे पाठवते आणि डबे परत घेते. मला राग आला नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. मी राजीनामा टाइप केला आणि तेव्हाच्या मोठ्या पाळकांना नेऊन दिला. 'घरच्या अडचणीमुळे' असं कारण लिहिलं. कोऱ्या कॅसेटींचं अक्षरही लिहिलं नाही.

मोठे पाळक आज आपल्यात नाहीत. ते फार कमी बोलायचे, म्हणजे व्यासपीठावरून खाली उतरल्यावर. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, ठीक आहे, पण जाण्याआधी पत्ते तपासून द्या, नव्या माणसाला यादी बरोबर लागेल. झालं. समजूत नाही, आग्रह नाही. मला थोडं लागलंच.

शनिवारी मी यादी घेऊन निघाले. पहिलं घर एका रिटायर्ड बसड्रायव्हरांचं. त्यांचा एक पाय गुडघ्यापासून काढलेला. पलंगावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर त्यांचा टेपरेकॉर्डर, अगदी सुटा सुटा, स्क्रू एका बशीत. मी विचारलं, काका, हे काय? ते म्हणाले, मागं एक कॅसेट लावली तर आवाजच नाही, मशीन बिघडलं वाटतं, म्हणून खोललं, आता बसवता येत नाही. पंधरा दिवस झाले, घरात आवाज नाही. हे ऐकून मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं. मी पत्ता बरोबर आहे ना, एवढं विचारून जिना उतरले.

दुसऱ्या घरी एक आजी. सूनबाईंनी दार उघडलं. मी आजींना मोठ्यानं विचारलं, मागच्या महिन्यातलं एखादं प्रवचन आठवतं का? आजी माझ्या ओठांकडे बघून म्हणाल्या, सगळीच छान होती, पण मधलं एक फारच छान, पाळकांनी उगाच लांबवलं नाही. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. आजींना दोन वर्षांपासून ऐकूच येत नव्हतं. कॅसेट फिरताना दिसली की त्यांना बरं वाटायचं. हसा, हसा, मीही जिन्यात हसले. आणि मग तिथंच पायरीवर बसून रडले.

तिसरं घर टायर दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत. तिथं एक रिटायर्ड नर्स एकट्याच राहायच्या. दृष्टी जवळजवळ गेलेली, कंबर मोडलेली. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. खाली दुकानात हवा भरण्याचा आवाज चाललेला. मी सांगितलं, यादी तपासायला आलेय. त्यांनी विचारलं, कॅसेट भरणारी तूच का? मी हो म्हटलं. म्हणाल्या, बस.

मी बसले आणि कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं. म्हटलं, सिस्टर, तीन आठवड्यांपूर्वीची कॅसेट तुम्ही ऐकलीत?

"ऐकली ना. दोन्ही बाजू."

मी म्हटलं, तिच्यात काहीच नव्हतं.

"नव्हतं."

मग कळवलं का नाही, मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कळवलं असतं तर तुला बोलणी बसली असती. मी तीस वर्षं वॉर्डात काढली. जिच्या हातून कधी चूक होत नाही, तिच्या हातून एवढी मोठी चूक झाली, की समजायचं, तिच्या घरी कोणीतरी आजारी आहे. म्हटलं, ही कॅसेट संपेपर्यंत तिच्यासाठी प्रार्थना करू. एक बाजू संपली, मग उलटी लावली. नाव माहीत नव्हतं. कॅसेट भरणारी, एवढंच म्हटलं. घरी कोण आहे?"

बंधू-भगिनींनो, मी त्या स्टुलावर किती वेळ बसले, मला आठवत नाही. मी सासूबाईंचं सांगितलं. जखमांचं सांगितलं. ओरडते तेही सांगितलं. मला वाटलं, आता वचन ऐकवतील, सहनशीलतेवर बोलतील. त्यांनी विचारलं, पाठ कोण पुसतं? कूस बदलताना हाताला धरून ओढतेस का? मी म्हटलं, हो. म्हणाल्या, म्हणून ओरडतात त्या, कातडी ओढली जाते. आणि मग त्या अर्धवट आंधळ्या बाईनं मोडलेल्या कमरेनं मला स्वतःच्या पलंगावर दाखवलं. चादर दुमडून माणसाच्या खाली कशी घालायची, कड हातात गुंडाळून चादरीसकट कसं वळवायचं. पेशंट त्याच आणि शिकवणाऱ्याही त्याच. मला तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, आता जमलं, जा.

घरी गेले आणि तसंच केलं. सासूबाई ओरडल्या नाहीत. कुशीवर वळल्यावर माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज तुझा हात वेगळा लागला." आठ महिन्यांत आमच्यात झालेलं ते पहिलं धड बोलणं. पुढं त्या पाच महिने होत्या. जखमा पूर्ण भरल्या नाहीत. पण आम्ही बोलत होतो.

सोमवारी मोठ्या पाळकांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, त्या रविवारी मी कशावर बोललो होतो? मी म्हटलं, मला आठवत नाही. ते म्हणाले, मलाही नाही, म्हणजे फार नुकसान झालेलं नाही. मी राजीनामा परत मागितला, तर म्हणाले, कुठं ठेवलाय, सापडत नाही. तो त्यांना शेवटपर्यंत सापडला नाही.

ड्रायव्हरकाकांकडे मात्र मी ह्यांना घेऊन गेले. आमचे हे फिटर. त्यांनी मशीन जोडलं, दोन स्क्रू उरले, तरी चाललं. मग मी काकांना खरं सांगितलं. ते चिडले, आणि त्यांचं बरोबरच होतं. म्हणाले, "म्हणजे माझं मशीन चांगलं होतं? आणि त्या दिवशी तू समोर उभी राहून बघत होतीस?" मी मान खाली घातली. पुढचे दोन महिने ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. तरी मी जात राहिले.

तेव्हापासून दर शनिवारी एक घर, असा नेम ठेवला. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या, नेम चालू राहिला. मी तिथं काही मोठं केलं नाही. औषधाची वेळ वाचून दाखवली, नखं कापली, सिस्टरांनी शिकवलेली चादर चार-पाच सुनांना आणि दोन नवऱ्यांना शिकवली. सिस्टर गेल्या तेव्हा त्यांच्या उशाशी मी होते. प्रार्थना म्हणायला गेले तर शब्द आले नाहीत. म्हणून नुसता हात धरून बसले. त्या दिवशी त्याची लाज वाटली नाही. माझी वाढ झाली असेल तर तेवढीच. आधी मला वाटायचं, मी देवळाच्या मागच्या खोलीतून लोकांना काहीतरी पाठवते. मला कुठं ठाऊक होतं, तिकडून कोणी माझ्यासाठी देवाचं दार ठोठावतंय?

आता उपासना थेट फोनवर दिसते. कमिटीनं ठरवलं की वेगळी व्यवस्था नको. ठीकच आहे, माझी तक्रार नाही. मी पुन्हा तरुण झाले तर हेच करीन, असंही म्हणत नाही, कारण खरंच अंगात राहिलं नाही. पण एवढं सांगते, फोन कूस बदलून देत नाही. आज एकोणीस माणसं घरी पडून आहेत. अध्यक्षमहाराज, मला मानपत्र दिलंत, मी ऋणी आहे. त्याच्याबरोबर एक मागते. या सभागृहात दोनशे माणसं आहेत. त्यातली एकोणीस मला द्या. मोठ्या माणसांची गरज नाही, शनिवारी तासभर मोकळी असणारी चालतील. आत्ता हात वर करू नका, भरल्या सभेत हात पटकन वर होतात. उद्या घरी येऊन सांगा. चादर मी शिकवीन.

आपण सगळे आलात, पाळकीणबाई एवढ्या लांबून आल्या, गायनमंडळानं गायलं, ज्यांनी मागं उभं राहून खुर्च्या लावल्या आणि आत्ता माईक धरलाय, त्या सर्वांची मी आभारी आहे. ह्यांचे आभार मानले तर ते घरी जाऊन हसतील, तरी मानते. सत्तावीस वर्षांत कोणाचं नाव चुकीचं लिहिलं असेल, कोणाचं गाणं मधेच तुटलं असेल, कोणाला तोडून बोलले असेन, तर ते मनात ठेवू नका. आजही काही कमी-जास्त बोलून गेले असेन, तेही पोटात घाला.

येत्या रविवारी मी ह्यांच्या शेजारी तिसऱ्या बाकावर बसेन. पाळकसाहेब, आपल्या प्रवचनाविषयी मला आदर आहे. पण माझा डोळा लागला, तर कृपा करून मला कोणी उठवू नका.