गोलातली फुलं

(सकाळचा बाजार उरकून खंडेराव आणि महेश मैदानाच्या बांधावर बसले आहेत. मागे महेशचा रिकामा टेम्पो.)

महेश : नाय आबा, नावाला वर चढलो आपण. पहिल्या डिव्हिजनला जाऊन मार खायचा, एवढंच बाकी हे. तिथल्या टीमा बघितल्या का तुम्ही? एकेक पोरगं जिमचं. आपला डिफेंडर मार्केटला मेथीच्या जुड्या उतरवून मॅचला येतो.

खंडेराव : उतरवू दे. जुड्या उतरवूनच वर चढला ना? गंगाकाठ फुटबॉल क्लब म्हणलं की लोक हसायचे. खालून पहिला नंबर म्हणून चिडवायचे आपल्याला. आता पहिल्या डिव्हिजनला खेळणार. जरा तोंड भरून बोल की.

महेश : बोललो असतो. पण टीम कुठंय? राज दिंडोरीला वायनरीत लागला. रविवारी तिथं पाव्हण्यांची गर्दी, सुट्टी देत नाय त्याला. म्हणजे स्ट्रायकर गेला. मिडफिल्डला जो हे तो हाफटाइमनंतर कमरेवर हात ठेवून उभा राहतो. आन् गोली?

खंडेराव : रवी हाय की.

महेश : रवी लेफ्ट बॅक हे, आबा. त्या दिवशी आपला गोली योगेश पडल्यावर त्याचे ग्लोव्हज घालून उभा राहिला, कारण दुसरं कुणी पुढं होईना. बॉल आला की डोळे मिटतो तो.

खंडेराव : तरी एक गोल खाल्ला नाय त्यानं.

महेश : मारलाच नाय ना कुणी! समोरची द्वारकेच्या टीमची पोरं नुसता बॉल इकडून तिकडं करत राहिली. समोरच्या गोलातून रक्ताळलेला पोरगा उचलून नेलेला बघितला, मग शूट कोण मारील? मॅच संपल्यावर त्यांचा कॅप्टन माझ्याकडं आला, तुमचा गोली कसा हे म्हणून विचारायला. आन् आपली पोरं वर चढलो म्हणून ढोल बडवत होती.

खंडेराव : ढोल मीच बंद करायला लावला.

महेश : उशिरा.

खंडेराव : तू सकाळपासून आज असा तिरका का बोलतोस? आपण इथं कशाला आलोय? रंगनाथनानाकडं मैदान मागायला. ते यायच्या आत तोंड सरळ कर.

महेश : कोणत्या तोंडानं मागायचं ते सांगा आधी. जमीन नानांची, पोरगं नानांचं. योगेश खेळतो म्हणून त्यांनी एवढी जमीन पड ठेवली. बोअरचे जुने पाईप वेल्डिंग करून गोलाचे खांब त्यांनीच उभे केले. त्याच खांबावर त्यांच्या पोराचं डोकं आपटलं. संक्रांत होऊन गेली तेव्हापासून योगेश खाटेवर पडून हे. आता नाना म्हणतात नांगर घालतो, टमाटे लावतो. लावू द्या ना. आपण कोण?

खंडेराव : आन् क्लब?

महेश : गेला तर गेला.

खंडेराव : गेला तर गेला कसं? अरे, पोराचं डोकं फुटलं क्लबापायी. उद्या क्लबच नसंल तर ते कशासाठी झालं म्हणायचं? बोल ना. कशासाठी?

महेश : क्लबापायी नाय फुटलं. घसरला तो.

खंडेराव : दव होतं.

महेश : दुपारच्या मॅचला?

खंडेराव : मग पाणी मारलं असंल कुणी मैदानावर.

महेश : फुलं होती, आबा.

खंडेराव : फुलं तर दर मॅचला असतात. माझी रीतच हाय ती. दसऱ्यानंतर भाव पडला, झेंडू कुणी उचलीना, तवा मी सगळा माल इथं आणून गोलात ओतला. त्या दिवशी आपण जिंकलो. तवापासून एक मॅच चुकवली नाय मी.

महेश : रीत मला नका सांगू. तुमचा माल मीच आणतो. नारळ फोडला की आपल्या गोलात, खांबाच्या बुडाला दोन ओंजळी फुलं. मग योगेश यायचा. खांबाला हात लावून पाया पडायचा. रेघेवर सांडलेली फुलं उजव्या पायानं बाहेर सारायचा, अंगण झाडल्यासारखी. सगळी सारून झाली की दोन टाळ्या वाजवायचा, म्हणजे आता या म्हणून. बरोबर ना?

खंडेराव : बरोबर.

महेश : मग त्या दिवशी टेम्पोत क्रेटांची थप्पी कशाला लागली होती? आपल्या गोलात दोनच ओंजळी पडल्या. बाकीचा माल गेला कुठं?

खंडेराव : जिंकलं तर वर चढणार होतो आपण. मोठी मॅच, म्हणून मोठी पूजा.

महेश : त्यांच्या गोलात?

खंडेराव : पाव्हण्यांच्या गोलातबी टाकली. काय बिघडलं?

महेश : आदल्या दिवशीचा खुडा होता तो. भिजवून ठेवलेला. क्रेटमधून पाणी गळून माझा सगळा हौदा ओला झाला होता.

खंडेराव : फूल शिळं दिसू नये म्हणून पाणी मारतातच की.

महेश : विकायच्या फुलाला मारतात. आबा, मी रोज तुमचा माल वाहतो. मला पण फसवता का?

खंडेराव : …त्यांचा गोली ताडमाड होता, महेश. सगळ्या सीझनभर त्यानं कुणाला दाद दिली नव्हती. मी म्हणलं, एकदा पाय सरकला त्याचा तर आपलं काम होईल. एकदाच. सरकलाबी. राजनं बॉल आत ढकलला. तू नाचला नव्हतास का?

महेश : नाचलो ना. झोपेत अजून आठवतं ते नाचणं. म्हणून तर बोलतोय.

खंडेराव : हाफटाइमला बाजू बदलतात हे काय मला ठाऊक नव्हतं? आयुष्य गेलं बघण्यात. मी ठरवलं होतं, शिट्टी झाली की दोन-चार पोरं घेऊन जायचं आन् ती फुलं सगळी भरून काढायची. पण आपण एका गोलनं पुढं होतो. ढोल सुरू झाला. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. खाली उतरवीनात. वरून मला दिसलं, योगेश तिकडच्या गोलाकडं चाललाय. मी ओरडलो. लय ओरडलो रे. पोरांना वाटलं, आबा जोशात आला. त्यांनी ढोल अजून वाढवला.

महेश : मी बघत होतो त्याच्याकडं. पायानं सारत होता तो. खाली सगळा चिखल झालेला, सारून होईना. थांबा म्हणून रेफ्रीला हात केला त्यानं. रेफ्रीनं तरी शिट्टी मारली.

खंडेराव : टाळ्या वाजवल्याच नव्हत्या त्यानं.

महेश : नाय. नानांना सांगितलं का?

खंडेराव : सांगणार हाय. तेवढ्यासाठीच आलोय आज. फक्त आधी मैदानाचं होऊ दे.

महेश : आधी सांगा, मग मैदान मागा.

खंडेराव : आधी सांगितलं तर देतील का?

महेश : नाय दिलं तर नाय दिलं.

खंडेराव : तुझ्या जिभेला हाड नाय. बघ, आलेच ते. …काठी कवापासून धरली नानानं?

महेश : या नाना, बसा. इथं सावलीला या.

रंगनाथ : बसा, बसा. उठू नका माझ्यासाठी. लांबून आवाज येत होता तुमचा. भांडत होता जणू.

महेश : क्लबाचं, नाना. पुढच्या सीझनचं.

रंगनाथ : मग भांडा. योगेश म्हणायचा, ज्या क्लबाची माणसं भांडत नाय तो क्लब मेला म्हणून समजा. त्या रवीला तेवढं गोलात उभं करू नका. बॉल आला की डोळे मिटतो तो.

महेश : मी तेच म्हणत होतो.

रंगनाथ : दुसरा बघा कुणीतरी. लय चांगला नसला तरी चालंल. चार-सहा मॅच निभावल्या म्हणजे झालं.

खंडेराव : चार-सहा मॅच? त्याच्यापुढं काय, नाना?

रंगनाथ : सांगतो ना. ट्रॅक्टरवाल्याला आज नको म्हणून आलो मी.

खंडेराव : म्हणजे मैदान…

रंगनाथ : राहू द्या. तेच मागायला आलात ना? योगेशची आई म्हणलीच मला, दोघं कवाचे बांधावर बसलेत, घरात यायला लाजतात. जा म्हणली, देऊन टाका.

खंडेराव : नाना, त्याच्या आधी मला एक सांगायचंय.

रंगनाथ : थांब, खंडेराव. आधी माझं ऐक. अजून भावकीतबी कुणाला बोललो नाय. योगेशचा पाय हलतो.

महेश : काय सांगता!

रंगनाथ : उजवा. परवापासून. डोळे तसेच, आढ्याला लावलेले. हाक मारली तर वळत नाय, आईला ओळखत नाय. पण पाय हलतो. असा, बाहेरच्या अंगाला जातो. परत आत येतो, परत बाहेर जातो. त्याची आई पांघरूण घालून घालून दमली. डॉक्टर म्हणले, एवढ्यावरून काय धरून चालू नका. पण डॉक्टरला काय माहीत? आम्ही ओळखलं. पोरगं खेळतंय आमचं. आतल्या आत किक मारतंय. …काय रे महेश? तोंड का उतरलं?

महेश : नाय, काय नाय. नाना, एक विचारू? पाय थांबला की टाळ्या वाजवतो का तो?

रंगनाथ : टाळ्या? हाताची बोटंबी हलत नाय रे त्याची. आन् पाय थांबतोय कुठं? जाग हाय तोवर चालूच असतो.

महेश : आबा…

रंगनाथ : मला खेळातलं लय कळत नाय. खंडेराव, तू गोलामागं उभा राहत आलास एवढी वर्षं. तू सांग, कसली किक ती? हे बघ. असा पाय. माझ्याकडं बघ ना, खाली काय बघतोस?

खंडेराव : बघतोय, नाना.

रंगनाथ : बाहेरच्या अंगाला, असा. किकच हाय ना? त्याच्या आईनं तुलाच विचारून यायला सांगितलंय. काल रात्री पहिल्यांदा दोन घास खाल्ले तिनं, ह्या पायाच्या जिवावर. म्हणली, खंडेरावभाऊजींना विचारा, त्यांना कळंल.

खंडेराव : किकच हाय, नाना.

महेश : आबा, नका.

खंडेराव : गप रे. किकच हाय. गोली लांब मारतो ना बॉल, तशी.

रंगनाथ : बघ! मला वाटलंच होतं. घरी जाऊन सांगतो तिला. …मग सांगा, पोरगं आतून खेळत असताना मी मैदानात नांगर घालू? उद्या उठून बसला आन् खिडकीतून बघितलं, तर काय दाखवू त्याला, टमाट्याच्या काठ्या? नाय. तुम्ही सीझन सुरू करा. पहिल्या मॅचला त्याला खुर्चीत घालून इथं आणतो मी. गोलामागं बसवतो. बघून बघून येईल सगळं अंगात.

महेश : नाना, आबांना तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं मघाशी.

रंगनाथ : हां, बोल खंडेराव. मी मधीच तोडलं तुला. काय सांगत होतास?

खंडेराव : मी… नाना, मी यंदा झेंडू लावत नाय.

रंगनाथ : एवढंच?

खंडेराव : एवढंच.

रंगनाथ : का रे पण?

खंडेराव : भाव नाय.

रंगनाथ : भाव कवा होता? तरी तुझ्या हाताला बरकत हाय, बाजारातून कधी रिकाम्या खिशानं आला नायस तू. आन् मॅचला काय टाकशील गोलात? कोथिंबीर?

खंडेराव : मॅचला फुलं नकोत आता, नाना. बंद करू ती रीत.

रंगनाथ : असं कसं बंद करू? लेकरू एवढ्या दिवसांनी मैदानावर येणार. नेहमीचं काहीतरी डोळ्याला दिसलं पाहिजे त्याच्या. नारळ, ढोल, फुलं, काही म्हणजे काही चुकवू नका. फुलं बघूनच ओळखंल तो, आपण कुठं आलोय ते.

महेश : मी टेम्पोकडं जातो. तुम्ही या मागून, आबा.

रंगनाथ : अरे थांब, चहा सांगितलाय घरात. …ह्याला काय झालं?

खंडेराव : काय नाय. जागरण झालंय त्याला.

रंगनाथ : आन् तू रडायला काय झालं? येडा का काय तू. पाय हलतोय म्हणतो ना मी. आता दिवस चांगलेच यायचे. पूस डोळे. झेंडूचं तू मनाला लावून घेऊ नको. नाय लावला तर नाय लावला. ह्याच बांधाच्या कडेनं चार ओळी मी लावतो. पोराच्या गोलाला फुलं कमी नाय पडू द्यायचो.